दोन नेटवर्कांमधली एक वायर

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांची रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं नेटवर्कचं काम केलं. घरी पाहुणे आले की विचारायचे, म्हणजे नेमकं काय करता? मी सांगायला तोंड उघडायच्या आत आई म्हणायची, "ती कंपनीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलते करती." पाहुण्यांचं समाधान व्हायचं आणि माझंही. फक्त त्यात एक गोष्ट राहून जायची. कुणी कुणाशी अजिबात बोलायचं नाही, हे ठरवणं आणि ते पाळलं जातंय का हे बघणं, हाही माझ्याच कामाचा भाग होता. त्या राहून गेलेल्या भागाबद्दल लिहायला मला बराच वेळ लागला. आता लिहिते.

माझे वडील दौंड जंक्शनला रेल्वेच्या टेलिफोन खात्यात होते. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचे तेव्हा त्यांच्या टेबलावर एक काळा फोन असायचा. एकदा मी हट्ट धरला की यावरून शिरूरच्या मामाला फोन लावा. ते म्हणाले, या फोनची तार फक्त रेल्वेची आहे. ती या स्टेशनातून निघते आणि पुढच्या स्टेशनात जाते. मध्ये कुणाच्या घरात जात नाही आणि कुणाच्या घरातून हिच्यात कुणी येत नाही. "मामाला हा फोन लागत नाही, म्हणून तर गाड्या एकमेकींवर येत नाहीत," असं ते म्हणाले. पुढं कॉलेजात खासगी आणि सार्वजनिक नेटवर्कवर पानंच्या पानं वाचली, पण मुळातली गोष्ट मला तेव्हाच कळली होती.

कारखान्यात मी लागले तेव्हा पुण्याच्या मुख्य कार्यालयापासून कुरकुंभपर्यंत आमची स्वतःची लीज लाईन होती. म्हणजे टेलिफोन कंपनीकडून भाड्यानं घेतलेली, फक्त आमच्यासाठी राखलेली वाट. तिच्यावर दुसऱ्या कुणाचा एक शब्दही जाणार नाही. ऐकायला हे फार भारी वाटतं. पण पाटसजवळ हायवेचं काम निघालं आणि जेसीबीनं ती केबल तोडली, तेव्हा आम्ही दोन दिवस पुण्यापासून तुटलेलो होतो. एकच वाट, ती बंद झाली की संपलं. गेटवर मालाचे ट्रक उभे, कागद निघेनात, आणि माझ्या हातात फक्त टेलिफोन कंपनीच्या माणसाला दर तासाला फोन करणं. त्या दोन दिवसांनंतर मीच साहेबांना सुचवलं की लीज लाईन सोडून देऊ, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं साधं इंटरनेट घेऊ. एक तुटलं तर दुसरं चालेल. इंटरनेट ही सगळ्या गावाची वाट असली तरी तिच्यावरून कुलूपबंद पेटीत माल नेता येतो. आमच्या धंद्यात त्याला टनेल म्हणतात. वाटेत कुणी पेटी बघितली तरी आत काय आहे हे त्याला कळत नाही.

हे चाललं, चांगलं चाललं. लोक धरून चालतात की सार्वजनिक म्हणजे धोक्याचं आणि खासगी म्हणजे सुरक्षित. मी तसं कधी मानलं नाही. आमच्या त्या खासगी लाईनच्या काळात रोज दुपारी एकच्या सुमारास वीस मिनिटं लाईन जायची. पंधरा दिवस मी आणि टेलिफोन कंपनी भांडत होतो. शेवटी एका दुपारी मी स्वतः गोदामाशेजारी लाईनचं यंत्र ठेवलेल्या खोलीत जाऊन बसले. एक वाजता सिक्युरिटीचे एक मामा डबा घेऊन आले, आमच्या यंत्राचा प्लग काढला आणि तिथं शेगडी लावून भाजी गरम करायला ठेवली. मला बघून म्हणाले, "या, जेवायला बसा." मी बसलेही. सांगायचं इतकंच की कुठलंही नेटवर्क शेवटी माणसांच्या हातात असतं.

पण आमच्या कारखान्यात आणखी एक नेटवर्क होतं, आणि ते या दोन्हींपेक्षा वेगळं होतं. ते कंट्रोल रूमचं. प्लँटमधल्या रिअॅक्टरचं, म्हणजे रसायनं शिजवायच्या मोठ्या बंद भांड्यांचं, तापमान, दाब, कुठला पंप किती वेगानं चालतोय, हे सगळं वायरींमधून कंट्रोल रूमच्या तीन मोठ्या स्क्रीनवर यायचं आणि ऑपरेटर तिथूनच पंप कमीजास्त करायचा. हे नेटवर्क त्या इमारतीत सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं. ऑफिसशी त्याचा संबंध नव्हता, पुण्याशी नव्हता, इंटरनेटशी तर नाहीच. ते कॉम्प्युटर जुने होते, त्यांना पासवर्ड नव्हते, व्हायरसपासून वाचवणारं काही नव्हतं. बाहेरून कुणी येऊच शकत नाही म्हटल्यावर आत कुलपं कशाला, असा हिशेब. जोपर्यंत वाट नव्हती तोपर्यंत तो हिशेब बरोबरच होता.

त्या तीन स्क्रीनसमोर ज्यांची पाळी असायची त्यांतले एक बबनराव. शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या गावचे. कुरकुंभला खोली करून राहायचे आणि सुट्टीला गावी जायचे. गावी त्यांच्या पत्नी मंदाताई फुलांची शेती बघायच्या. वयानं माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात कंट्रोल रूममध्ये गेले होते, तेव्हा त्यांनी माझं आडनाव ऐकलं आणि इतरांचं लक्ष नाही बघून हळूच म्हणाले, "जयभीम ताई." त्या कारखान्याच्या ऑफिसात मी एकटीच बाई होते आणि आमच्या समाजातलंही मीच एक माणूस. त्या दोन शब्दांनी मला किती आधार वाटला ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. नंतर ते मला सगळ्यांसमोर मॅडम म्हणायचे आणि आसपास कुणी नसलं की ताई.

प्लँट हेड म्हणून नवे साहेब आले त्यानंतरची ही गोष्ट. हुशार माणूस होता, कामाचाही होता. राहायला पुण्यात, आठवड्यातले दोन दिवस मुख्य कार्यालयात. त्यांना कंट्रोल रूमच्या स्क्रीन पुण्यात बसून बघायच्या होत्या. बॅच, म्हणजे एका वेळी शिजणारा माल, कुठवर आली हे विचारायला प्रत्येक वेळी फोन का करायचा, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, कंट्रोल रूम कशालाच जोडलेली नाही. ते म्हणाले, "जोडा मग. ऑफिसचा स्विच आणि कंट्रोल रूमचा स्विच यांच्यात एकच भिंत तर आहे."

तेही खरं होतं. स्विच म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथं एकत्र येतात ती पेटी. भिंतीच्या अलीकडं माझ्या ऑफिसची, पलीकडं कंट्रोल रूमची. मध्ये चार मीटरसुद्धा अंतर नव्हतं.

मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ईमेल लिहिला. त्यात लिहिलं की मध्ये फायरवॉल हवी, म्हणजे कोण कुणाशी बोलतंय हे तपासणारं यंत्र. ते बसवल्याशिवाय जोडणी करू नये. साहेब माझ्या टेबलाशी आले. आवाज चढवला नाही. फायरवॉलची मागणी मंजूर करतो, पुढच्या महिन्यात येईल, तोवर तात्पुरती वायर टाका, असं म्हणाले. मग म्हणाले, "तुम्हाला जमत नसेल तर मी बाहेरचा माणूस बोलावतो. तो अर्ध्या तासात करेल."

त्या वाक्याचा अर्थ मला बरोबर कळला. बाहेरचा माणूस एकदा आला की पुढच्या कामालाही तोच येणार. मी मनाची समजूत घातली की कुणीतरी टाकणारच आहे, तर मी टाकलेली बरी, निदान मला माहीत तरी राहील. असं स्वतःला पटवायला फार वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीला भोक पाडून मी निळी वायर टाकली. तिच्या दोन्ही टोकांना कागदाची पट्टी चिकटवली आणि त्यावर लिहिलं, ‘तात्पुरती’.

फायरवॉल पुढच्या महिन्यात आली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात मी दोनदा आठवण करून दिली. मग वर्ष संपायची गडबड आली, मग ऑडिट आलं. त्यानंतर आठवण करून देणंही माझ्याकडून राहू लागलं. खोटं कशाला सांगू, मला सवय झाली. ती वायर रोज डोळ्यांसमोर होती आणि काही वाईट घडत नव्हतं. चौदा महिने ती तिथं होती.

ज्या दिवशी घडलं तो साधा कामाचा दिवस होता. दुपारी दोन वाजून गेले होते, पहिली पाळी संपायला तासभर होता. खरेदी विभागातल्या एकानं मला हाक मारली. त्याच्या स्क्रीनवरच्या फायली उघडत नव्हत्या. मी उठून त्याच्याकडं पोचेपर्यंत शेजारचा कॉम्प्युटर गेला, मग त्याच्या पलीकडचा. स्क्रीनवर लाल पान आणि इंग्रजीत मजकूर, की तुमच्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी तर संपर्क साधा. ईमेलवर कोटेशन म्हणून आलेलं एक पत्र सकाळी कुणीतरी उघडलं होतं. ते कुणी उघडलं हे मी इथं लिहिणार नाही. अशी पत्रं रोज येतात आणि उघडणं हे त्या माणसाचं कामच होतं.

मी धावत सर्व्हरच्या खोलीत गेले आणि इंटरनेटच्या दोन्ही वायरी उपटल्या. मग ऑफिसच्या मजल्यावरचे स्विच एकेक करून बंद करायला घेतले. काय करायचं ते डोक्यात स्पष्ट होतं. बाहेरची वाट तोडायची, मग आतले विभाग एकमेकांपासून तोडायचे. पुस्तकात तसंच दिलेलं असतं. हिशेब विभाग, गोदाम, प्रयोगशाळा, कँटीन. सहा-सात मिनिटं गेली असतील.

तेव्हा सुरेंद्र दारात आला. तो बिहारकडचा, रिअॅक्टरच्या मजल्यावर काम करणारा ऑपरेटर. पळत आल्यामुळं त्याला धड बोलता येत नव्हतं. म्हणाला, "मॅडम, कंट्रोल रूम का स्क्रीन चला गया. बबनभाऊ खुद नीचे गये हैं."

निळ्या वायरीची आठवण मला त्या क्षणी झाली. त्याच्या आधी झाली नाही. सगळ्या कारखान्यात जी वायर सगळ्यात आधी काढायला हवी होती ती मीच टाकली होती, आणि मी कँटीनचा स्विच बंद करत होते.

पलीकडं काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. तिन्ही स्क्रीनवर लाल पान आलं तेव्हा एका रिअॅक्टरमध्ये बॅच चालू होती. त्या बॅचमध्ये एक द्रव हळूहळू सोडायचा असतो आणि तापमान वाढायला लागलं की ऑपरेटर स्क्रीनवरून पंपाचा वेग कमी करत नेतो. स्क्रीन गेली तरी पंप थांबत नाही. त्याला शेवटी जो वेग सांगितला होता त्याच वेगानं तो चालत राहतो. बबनरावांना तापमान दिसत नव्हतं, पण द्रव आत जातोय हे माहीत होतं. त्यांनी माझ्या टेबलाचा इंटरकॉम लावला, मी जागेवर नव्हते. मजल्यावर लावला, पण सुरेंद्र नमुना द्यायला प्रयोगशाळेत गेला होता आणि बाकीची माणसं इंटरकॉमपासून लांब, मशीनच्या आवाजात होती. अख्ख्या विभागाची वीज वरून तोडता आली असती, पण मग रिअॅक्टरमधली ढवळणीही थांबली असती आणि ते जास्त वाईट. तापमानाचा साधा काट्याचा गेज खाली रिअॅक्टरच्या अंगावरच असतो आणि हातानं फिरवायचे व्हॉल्व्हही तिथंच.

ते खाली गेले. काटा लाल पट्ट्याच्या पुढं गेला होता. त्यांनी द्रवाचा व्हॉल्व्ह हातानं बंद केला. मग थंड पाण्याचा पूर्ण उघडला. सुरेंद्र तेवढ्यात आला, त्याला त्यांनी लांबूनच माघारी पिटाळलं, मॅडमला बोलव म्हणून. मग ते मागं वळले आणि रिअॅक्टरच्या झाकणाचं गॅस्केट एका बाजूनं सुटलं. गरम वाफ निघाली, तिच्यात रसायन होतं. चेहऱ्याची उजवी बाजू, मान, उजवा हात. डोळ्यांवर गॉगल होता म्हणून डावा डोळा वाचला. श्वासाबरोबर जे आत गेलं ते छातीत राहिलं.

मी पोचले तेव्हा त्यांना आंघोळीच्या आपत्कालीन फवाऱ्याखाली धरलं होतं. ते उभे होते. कुणाकडं बघत नव्हते. पाणी अंगावरून वाहत होतं आणि ते सारखं एकच विचारत होते, काटा खाली आला का.

काटा खाली आला होता. त्या मजल्यावर त्या दुपारी अकरा माणसं होती.

त्या संध्याकाळी मी ती निळी वायर दोन्हीकडून काढली, गुंडाळली आणि माझ्या खणात ठेवली. भिंतीतलं भोक दुसऱ्या दिवशी कुणीतरी बुजवलं. वायर काढणं तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होतं, कुणीही तेच केलं असतं. पण काढण्याआधी मी तिचा फोटो काढला नाही, कुणाला बोलावून दाखवली नाही.

कंपनीची चौकशी समिती बसली. प्लँट हेड, सुरक्षा अधिकारी, मनुष्यबळ विभागाचे एक जण, आणि नेटवर्कपुरती मी. माझ्या टिपणात मी वायरीबद्दल एक ओळ लिहिली होती. साहेब म्हणाले, ही ओळ आपण आयटीच्या वेगळ्या अहवालात घेऊ, इथं विषय अपघाताचा आहे. तो वेगळा अहवाल कधी निघाला नाही, निघणार नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. अहवालात आलं ते असं: बाहेरून झालेल्या सायबर हल्ल्यामुळं स्क्रीन बंद पडल्या; अशा वेळी सुपरवायझरला कळवून पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घालून मगच क्षेत्रात जायचं, हा नियम ऑपरेटरनं मोडला; इजेचं कारण ऑपरेटरचं दुर्लक्ष. त्या मास्कचं कपाट मजल्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. ते अंतर अहवालात नव्हतं. खाली चार सह्या होत्या. चौथी माझी.

नंतर सरकारी निरीक्षक आले. वयस्कर, शांत माणूस. कंट्रोल रूममध्ये सगळं बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ही कंट्रोल रूम इंटरनेटला किंवा ऑफिसला कुठं जोडलेली होती का?"

साहेब म्हणाले, "नाही. हे प्रायव्हेट नेटवर्क आहे, इथल्या इथंच."

निरीक्षकांनी माझ्याकडं बघितलं. मी नेटवर्कची माणूस म्हणून शेजारी उभी होते. प्रश्न ‘होती का’ असा होता आणि उत्तर ‘आहे’ असं आलं होतं. आहे, हे खरंच होतं. बुजवलेल्या भोकावर नवा रंग दिलेला होता. मी काही बोलले नाही. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि पुढं गेले.

बावीस वर्षांत मी काय काय केलं याची यादी करायला बसले तर बरीच मोठी होईल. तिच्यात हे ‘काही बोलले नाही’ सगळ्यात जड आहे.

बबनराव दोन महिने पुण्याच्या हॉस्पिटलात होते. मी एकदाही गेले नाही. फोन केला तो मंदाताईंना, आणि तोही दोन मिनिटांचा. ते गावी गेल्याचं कळलं. मग कारखान्यात बातमी आली की त्यांना दुर्लक्षाबद्दल कंपनीकडून चार्जशीट गेली आहे. माणूस कामाला परत येऊ शकत नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं, तरी चार्जशीट गेली. कारण दुर्लक्ष कागदावर पक्कं झालं की पुढचे सगळे प्रश्न सोपे होतात. भरपाईचा पण आणि कंपनीच्या जबाबदारीचा पण.

त्या रविवारी मी दौंडहून न्हावऱ्यामार्गे शिरूरला जाणारी एसटी धरली. शिरूरला उतरून रिक्षानं त्यांच्या गावी गेले. मंदाताई दारात शेवंतीची फुलं निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, पाणी दिलं, आणि आत हाक मारली. बबनराव बाहेर आले. चेहऱ्याची एक बाजू ओळखीची राहिली नव्हती. ते खुर्चीत बसले, आधी दम घेतला, मग म्हणाले, "जयभीम ताई. लांबून आला."

मी तासभर इकडचं तिकडचं बोलले. हॉस्पिटल, औषधं, शेवंतीचा भाव. मग एकदम सांगून टाकलं. की स्क्रीन गेल्या त्या हल्ल्यामुळं गेल्या हे खरं, पण हल्ला कंट्रोल रूममध्ये यायला वाट मी केली होती. भिंतीतून एक वायर होती, ती मी टाकली होती. आणि त्या दिवशी मी ती आधी काढली नाही. आणि निरीक्षकांसमोर मी गप्प बसले.

मंदाताईंचे हात फुलांवर थांबले. बबनराव बोलले, मध्येमध्ये थांबून.

"ती निळी वायर मला ठावं हाय ताई. माझ्या खुर्चीच्या मागंच होती. रोज बघायचो. तात्पुरती म्हणून लिवलं होतं तुम्ही, तुमचंच अक्षर." दम घेऊन ते पुढं म्हणाले, "सुरेंद्रनं एकदा इचारलं होतं, ही कशाची म्हणून. मी म्हणलं, ताईनं लावलीय म्हंजी बरोबर असंल."

ते रागानं म्हणाले नव्हते. रागानं म्हणाले असते तर मला तिथं बसणं सोपं गेलं असतं.

मंदाताई उठून आत गेल्या. त्या दिवशी त्या माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. मी निघाले तेव्हाही बाहेर आल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

परतीच्या एसटीत मी ठरवलं की लिहायचं. ठरवणं आणि लिहिणं यात आणखी तीन आठवडे गेले. माझा जुना ईमेल, फायरवॉलची मागणी, दोनदा करून दिलेली आठवण, हे सगळं मी जमा केलं. मग निरीक्षकांच्या कार्यालयाला पाठवायचं निवेदन लिहिलं. वायर कधी टाकली, कुणी सांगितलं, कुणी टाकली, कधी काढली. माझी सही कुठल्या अहवालावर आहे आणि ती चुकीची का आहे. ज्या दिवशी ते पाठवायचं त्याच दिवशी राजीनामा द्यायचा हेही ठरलं होतं, कारण नाहीतर तो मागितला गेला असता.

पाठवण्याआधी मी ते बबनरावांना वाचून दाखवायला गेले. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नव्हतं. मंदाताई या वेळी बाहेर येऊन बसल्या. मी वाचत गेले. वायरीचं आलं, सह्यांचं आलं. मग शेवटचा परिच्छेद आला. तो मी फार मन लावून लिहिला होता. त्यात होतं की ऑपरेटरनं स्वतःच्या जिवाची पर्वा न करता असामान्य धाडस दाखवलं आणि अकरा सहकाऱ्यांचे प्राण वाचवले.

बबनरावांनी डावा हात वर केला. "ते काढा."

मी म्हटलं, का? खरंच तर आहे.

"धाडस म्हणलं की लोक हार घालत्यात आन् घरी जात्यात. मग कुणी इचारत न्हाई, ह्याला खाली का जावं लागलं." ते थांबले. खोकला आला, तो बराच वेळ चालला. मंदाताईंनी पाठीवर हात ठेवला. "मला काय हौस नव्हती ताई. वर काय दिसंना म्हणून खाली गेलो. तेवढंच लिवा."

मी तिथंच तो परिच्छेद खोडला आणि लिहिलं: ‘स्क्रीनवर काही दिसत नसल्यामुळं ऑपरेटरला खाली जावं लागलं.’ मग मंदाताई त्या रविवारनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, मास्कचं कपाट किती लांब होतं ते पण घाला. मी घातलं. ते मी विसरले होते.

निवेदन गेलं. राजीनामा गेला. कारखान्यातल्या कुणी मला फोन केला नाही, फक्त सुरेंद्रचा आला, की त्यानंही जाऊन जबाब दिला आहे. नोकरी गेल्यावर मी दौंड सोडलं आणि शिरूरला आले. मामांचं घर इथं आहे. दवाखाने, शीतगृहं, एक-दोन शाळा, यांची नेटवर्कची कामं मी आता करते. शिक्रापूरच्या एका कारखान्यानं बोलावलं होतं. मुलाखतीत जुनी नोकरी का सोडली हे विचारलं, मी खरं सांगितलं, आणि त्यांनी नंतर कळवतो म्हणून सांगितलं.

आठ महिन्यांनी सरकारी आदेश आला. त्यात बबनरावांवरचा दुर्लक्षाचा ठपका काढला होता आणि कंपनीला भरपाई द्यायला सांगितलं होतं. मी तो कागद घेऊन त्यांच्या गावी गेले आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचला. ठपका काढल्याचं वाक्य आलं तेव्हा मंदाताईंनी डोळ्याला पदर लावला. बबनराव मात्र तसेच ऐकत राहिले. मी शेवटपर्यंत वाचलं. अपघाताचं कारण म्हणून त्यात लिहिलं होतं, ‘नेटवर्क प्रणालीतील तांत्रिक त्रुटी’.

ते म्हणाले, "वायरीचं हाय का त्यात?"

मी पुन्हा एकदा सगळी पानं चाळली. वायरीचं नव्हतं. ती कुणी टाकायला लावली हे नव्हतं, मी टाकली हेही नव्हतं. साहेबांची त्याआधीच दुसऱ्या प्लँटवर बदली झाली होती. त्या प्लँटलाही कंट्रोल रूम आहे.

"न्हाई," मी म्हटलं.

त्यांनी खुर्चीच्या हातावर डावा हात ठेवला आणि दम घेतला.

"मग परत लिवा," ते म्हणाले.

मंदाताई आत जाऊन वही घेऊन आल्या. दुपार उतरेपर्यंत आम्ही तिघं अंगणात बसून लिहीत होतो. ते पत्र जाऊन पाच महिने झाले. अजून उत्तर आलेलं नाही.